अर्ध्या इंचाची रेघ

अख्ख्या बडोद्यात माझ्यासारखी भूलभुलामणी काढणारा दुसरा माणूस नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्या वयात माझ्याइतका रिकामा दुसरा कोणी नव्हता, हे त्याचं कारण.

भूलभुलामणी म्हणजे भूलभुलैया. आमच्याकडे गुजराती शब्दच तोंडात बसलाय. कागदावर गल्ल्या काढायच्या, एका टोकाला आत शिरायचं दार, दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं, आणि मधल्या मध्ये समोरच्याला जेवढा फसवता येईल तेवढा फसवायचा. सातवीत मी दोन वर्षं काढली आणि मग मास्तरांनीच हात जोडले. अक्षरं मला कधी एका जागी उभी राहिलेली दिसली नाहीत, पण रेघ मात्र माझं ऐकायची. आता हे सगळं मी बोलतोय आणि माझी नात मोबाईलवर टाइप करतेय. ती मध्येच थांबून विचारते, आजोबा, हे खरंच असंच लिहू? मी म्हणतो, लिही. मला कुठे वाचता येतंय.

आम्ही वाडी भागात एका पोळीत, म्हणजे एकाच दाराच्या गल्लीत, राहायचो, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि जिना असा उभा की पाहुणा वर आला की आधी त्याला पाणी द्यायचं, मग नाव विचारायचं. मागच्या गल्लीत कंसारे, म्हणजे तांबट. सकाळी आठाला तांब्याच्या हंड्यांवर त्यांची हातोडी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. नवीन माणसाचं डोकं फुटायचं, आम्हाला मात्र ती बंद झाली की चुकल्यासारखं व्हायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवताना त्या ठोक्याबरोबर ताटाच्या कडेवर बोट वाजवायचे. ते शहराबाहेरच्या एका केमिकल कंपनीत पाइप फिटर होते. कमी बोलणारा माणूस. घरातला नळ गळायला लागला तर पाना घेऊन बसायचे, वॉशर बदलायचे, आणि मग नळाखाली तळहात धरून नुसते बसून राहायचे. आई म्हणायची, झालं ना आता, उठा. ते म्हणायचे, झालं ते हात सांगेल. संध्याकाळी घरी आले की मला त्यांचा एकच प्रश्न असायचा, स्टोव्हचा असो, दाराच्या कडीचा असो, नळाचा असो. "बंद केलंस ते बघितलंस का?" मी दर वेळी हो म्हणायचो. एकदाही बघितलेलं नसायचं.

मी रावपुऱ्यात हसमुखकाकांच्या दुकानात कामाला होतो. पुढे वह्या-पेन्सिली, मागे छापखाना. लग्नाच्या पत्रिका, दुकानांची हँडबिलं, आणि सुट्टीत पोरांसाठी कोड्यांची पातळ पुस्तकं. छपाईच्या कागदाच्या कापून टाकलेल्या पट्ट्यांवर मी गल्ल्या काढत बसायचो. काकांनी आधी मला झापलं, मग एक पट्टी उचलून चष्मा वर केला, आणि पुढच्या पुस्तकात छापली. तिथून मी चढलो. भूलभुलामणी झाली, मग डोळ्याला चकवणारी चित्रं. सारख्या लांबीच्या दोन रेघा, त्यातली एक मोठी वाटते. खोका, तो आतून दिसतोय का बाहेरून ते ठरत नाही. चढत राहतात आणि कुठेच पोचत नाहीत अशा पायऱ्या. एकदा जिन्याच्या खाली जमिनीवर काळ्या ऑइलपेंटने मी अशी एक खोटी पायरी रंगवली की अख्खी पोळ तिथे दचकून पाय उचलायची. चार दिवस मी वर खिडकीत बसून हसलो. पाचव्या दिवशी दुधाची बरणी घेऊन मीच तिच्यावरून पडलो. आईने वरून विचारलं, दूध किती उरलंय?

हे काम कसं करतात ते सांगतो, पुढे लागेल. आधी पेन्सिलीने खरी वाट काढायची. मग तिला खोट्या वाटा फोडायच्या. मग शाईने भिंती. शाई वाळली की पेन्सिल खोडायची. कुठे शाई चुकली तर दाढीच्या ब्लेडने कागद हलक्या हाताने खरवडायचा, फुंकर मारायची, डाग जातो. आणि सगळ्यात शेवटी आगपेटीची काडी घेऊन दारापासून दारापर्यंत एकदा फिरवून बघायची, वाट जाते की नाही. काका काडी फिरवल्याशिवाय एकही कागद छापायला घ्यायचे नाहीत.

तर एका सकाळी अण्णा मोरीत पडले. आम्हाला आधी आवाज आला तो बादली भरून वाहण्याचा. अण्णांच्या घरात पाणी वाहून जातंय आणि ते बंद करत नाहीत, एवढ्यावरूनच आई उठून धावली.

दवाखान्यातून ते परत आले तेव्हा उजवी बाजू झोपलेली होती आणि तोंडात एकच शब्द उरला होता. "थांब." चहा हवा असला तरी थांब, मोरीत जायचं असलं तरी थांब, माशी हाकलायची तरी थांब. आईने महिन्याभरात थांबचे वीस प्रकार ओळखायला शिकून घेतले. नुसत्या आवाजावरून ती साखर कमी करायची. मला एकही प्रकार कळायचा नाही. मी आपला चहाच्या वेळी लघवीचं भांडं आणि भांड्याच्या वेळी चहा घेऊन उभा राहायचो. सगळ्यात मोठा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नव्हतं, की अण्णा आत आहेत का. डोकं शाबूत आहे का. आईने एकदा विचारलं होतं, मी कोण, सांगा बरं? त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा विचारलं नाही.

कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत, म्हणून काकांनी येऊन वाचलं. तीन महिन्यांनी अमुक सोमवारी कंपनीचे डॉक्टर तपासणार. समज असेल तर स्टोअरमध्ये बसून करायचं काम देणार. नसेल तर नोकरी संपली. आणि तपासणीला यायचंच नसेल तर सोबत एक फॉर्म होता, मी माझ्या मर्जीने नोकरी सोडतो असा, त्यावर अंगठा उठवून पाठवायचा. काकांनी तो फॉर्म दोन बोटांनी धरून माझ्याकडे दिला. मी तो फळीवर माझ्या शाईच्या दौतीखाली दाबून ठेवला, उडू नये म्हणून.

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बेन म्हणाल्या होत्या, हातात पेन्सिल द्या, काहीतरी करू द्या. पाटी दिली तर अण्णांनी ती फेकली. मग मी, मला दुसरं काय येतंय, एक भूलभुलामणी काढून दिली. अगदी बालवाडीची. ससा इकडे, गाजर तिकडे. अण्णा बराच वेळ नुसते बघत राहिले. मग डाव्या हाताने पेन्सिल धरली, आणि वाकडीतिकडी करत गाजराला नेऊन पोचवली. त्या दिवशी आईने त्यांच्या भातावर तूप सोडलं ते सोडतच राहिली. दुसऱ्या दिवशी मी जरा अवघड काढली. मग आणखी अवघड. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी एक कागद ठेवायचा, संध्याकाळी आलं की वाट काढलेली. हळूहळू पेन्सिल उजव्या हातात जायला लागली. ताटाच्या कडेवर बोट पुन्हा हलायला लागलं, कंसाऱ्यांच्या मागून, जरा उशिरा. आई पोळीतल्या बायकांना सांगायला लागली, सोमवारी जाणार आहोत आम्ही.

आणि मला वाटलं, आता आपण आपली कला दाखवावी.

सहा दिवस मी एक मोठा कागद केला, चटईएवढा. सुरुवात आमच्या पोळीच्या दारापासून, शेवट कंपनीच्या फाटकाशी. मध्ये अख्खी वाडी, मांडवी, कंसाऱ्यांची गल्ली, सगळं गुंतवलेलं. वर भिंतींना असे तिरपे पट्टे दिले की सरळ गल्ली वाकडी दिसावी आणि वाकडी सरळ. काका म्हणाले, अल्या वसंत, आ तो चक्कर आवी जाय एवुं छे. मला तेच हवं होतं. आजारी माणसाला चक्कर यावी असं काहीतरी मी घरी घेऊन चाललो होतो आणि वर खूश होतो. शेवटच्या दिवशी दिसलं की एका कोपऱ्यातून चोरवाट राहिली आहे, तीन वळणांत फाटकाशी जाता येतंय. एवढी सोपी सुटली तर माझी लाज. मी तिथे अर्ध्या इंचाची एक रेघ मारली, चोरवाट बंद केली, आणि एक डोळा मिटून लांबून कागद बघत बसलो.

गुरुवारी सकाळी अण्णांपुढे अंथरला. त्यांचं अर्धं तोंड हसलं, तेवढंच हसता येत होतं. संध्याकाळी आलो तर ते वरच्या उजव्या कोपऱ्यात, कंसाऱ्यांच्या गल्लीपाशी अडकलेले. पेन्सिल तिथेच. माझ्याकडे बघून म्हणाले, "थांब." मी त्यांचा हात उचलून परत सुरुवातीला नेऊन ठेवला. म्हटलं, अण्णा, तिकडे काही नाही, पहिल्यापासून करा. ते पुन्हा तिथेच गेले. मी पुन्हा हात उचलला. किती वेळा ते मी मोजलं नाही, आणि आज मोजायची हिंमत नाही. शुक्रवारी कागद त्या जागी फाटला. अण्णा पेन्सिल टोचत होते, थांब, थांब, आणि मी त्यांना लहान मुलासारखं समजावत होतो. रेकॉर्डची पिन अडकते तसं डोकं अडकलंय, असं मी आईला बाजूला घेऊन सांगितलं. फार हुशारीने सांगितलं.

आईने मला विचारलं, "तुझं बरोबर आहे ना? काडी फिरवलीस?"

"फिरवली," मी म्हणालो. "माझी कधी चुकते का?"

फिरवली नव्हती. पण ते मला त्या क्षणी आठवलंही नाही, एवढी माझी खात्री. म्हणजे बघा, माझी रेघ चुकली असेल हे पटण्यापेक्षा माझ्या बापाचं डोकं गेलं असेल हे मला लवकर पटलं. नात इथे टाइप करायची थांबली आहे. तिला म्हटलं, हेच तर लिहायचं होतं, बाकी सगळं भरताड आहे.

शनिवारी अण्णा जेवले नाहीत. खिचडीवर साय धरावी तसा थर आला, कढी थंड झाली. मागे हातोडी चालली होती आणि त्यांचं बोट ताटाच्या कडेवर नुसतं पडून होतं. आईने त्यांच्याकडे पाठ केली आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

रविवारी कंसारे बंद, त्यामुळे घरात काय चाललंय ते सगळं ऐकू येत होतं. अण्णांनी कागद ढकलला. डावा हात वर केला आणि फळीकडे दाखवला. थांब. फळीवर माझी दौत होती, ब्लेडचं पाकीट होतं, आणि दौतीखाली तो फॉर्म. आईने फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यांना सोडायचंय," ती म्हणाली.

तिने फॉर्म काढून घेतला. अण्णा जोरात ओरडायला लागले, थांब, थांब, आणि त्यांच्या एका डोळ्यातून पाणी यायला लागलं. आईला वाटलं, नोकरीसाठी रडतायत. वीस प्रकार ओळखणारी ती बाई, पण त्या दिवशी तिलाही ओळखता आलं नाही. ती त्यांचा हात धरून म्हणत राहिली, असू दे, नको जाऊ या उद्या, चार लोकांसमोर तुमची परीक्षा नको. मग मला म्हणाली, जा, काकांकडून शाईचं पॅड आण, आणि त्यांना साक्षीला बोलव.

काका घरी दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच. ऐकलं, टेबलाच्या खणातून पॅड काढून दिलं आणि म्हणाले, हो पुढे, मी येतो. मी पुढे झालो आणि सेव-उसळच्या लारीवर, हातगाडीवर, थांबलो. खोटं कशाला बोलू, दुःख झालं की मला भूक लागते. बापाचा अंगठा उठवायचं पॅड पॅन्टच्या मागच्या खिशात, आणि मी दोन प्लेट सेव-उसळ खाल्ली, वरून जास्तीची तरी घेऊन. खाताना रडत होतो. लारीवाल्याला वाटलं तिखट लागलं, त्याने वर मूठभर सेव टाकली. मी आयुष्यात एकच चांगलं काम केलं असेल तर ते हे, की त्या दिवशी मी उशीर केला.

घरी पोचलो तर काका माझ्या आधी येऊन बसलेले. एक गाल गुळगुळीत, एक तसाच. आई जमिनीवर माझ्या कागदावर ओणवी झाली होती, चष्मा लावून, हातात सुई. ती पोळीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची, चुकलेला टाका उसवायचा तर सुईच्या टोकाने त्याचा माग काढत जायची. तशी ती माझ्या भिंतीवरून सुई नेत होती.

"तू येईना, आणि हे परत कागदाकडेच हात करत राहिले. मला वाटबीट काही कळत नाही," ती मान वर न करता म्हणाली. "मी आपली ही भिंत धरून निघाले, कुठे तुटते ते बघू म्हणून. ती या कडेपासून निघाली ती त्या कडेपर्यंत कुठेच तुटत नाही. मग माणूस जाणार कुठून?"

काकांनी खिशातून आगपेटी काढली. काडी घेतली, आमच्या पोळीच्या दारातून आत गेले, हळूहळू एक एक गल्ली बघत वरच्या उजव्या कोपऱ्यात पोचले आणि थांबले. माझी अर्ध्या इंचाची रेघ. चोरवाट तिच्या शेजारच्या गल्लीत होती, ती अजून उघडीच, पण तिच्यापर्यंत जायची खरी वाट मी बंद करून टाकली होती. पट्ट्यांनी दुसऱ्याचे डोळे चकवायला गेलो आणि माझेच चकले. आणि ती रेघ जिथे होती तिथेच कागद फाटला होता. बरोबर तिथेच. अण्णांनी पहिल्या दिवशीच शोधून काढली होती. तीन दिवस ते मला बोट लावून दाखवत होते, आणि मी तीन दिवस त्यांचा हात उचलून बाजूला ठेवत होतो.

काका म्हणाले, "काडी फेरवी हती?"  मग स्वतःच म्हणाले, "नथी फेरवी."

मग मी फळीकडे बघितलं. अण्णा फॉर्म मागत नव्हते. दौतीच्या शेजारी ब्लेड होतं.

त्यानंतर काय वाटलं ते मला सांगता येत नाही. मी खाली बसलो तो खिशातल्या पॅडवर. ती जांभळी शाई त्या पॅन्टवरून कधीच गेली नाही. आई सहा महिने ती पॅन्ट धुताना माझ्याकडे बघायची.

ब्लेड मी अण्णांना दिलं. मी खरवडायला लागलो होतो, पण त्यांनी हात पुढे केला. दोन बोटांत ब्लेड धरून, डाव्या हाताने, त्यांनी माझी रेघ खरवडली. घाई नाही. मध्ये थांबून फुंकर मारली, त्यासाठी अर्धं तोंड पुरलं नाही तर दुसऱ्यांदा मारली. मग त्या जागेवर बोट ठेवून बसून राहिले, नळाखाली तळहात धरायचे तसे. मग पेन्सिल उजव्या हातात घेतली आणि फाटकापर्यंत गेले. हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "थांब." हा एक थांब मात्र मला नीट कळला, रोज संध्याकाळचा तोच प्रश्न. आईने फॉर्मची घडी घालून स्टोव्हच्या डुगडुगत्या पायाखाली सारली आणि खिचडी गरम करायला ठेवली.

नात विचारते, मग पास झाले का? झाले, बाई. पुढे रिटायर होईपर्यंत स्टोअरमध्ये बसले. पण कसे झाले ते ऐक.

सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि अण्णांना नाव विचारलं. अण्णा म्हणाले, थांब. वार विचारला. थांब. हात वर करा. हात वर केला, पण अर्धा, आणि वर पुन्हा थांब. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायला लागले आणि त्यांनी अण्णांकडे बघणं सोडलं. आईने पदर घट्ट धरला. डॉक्टरांनी मला विचारलं, इनको कुछ समझता है? मला काही सुचेना म्हणून मी बगलेतला कागद काढून टेबलावर अंथरला. म्हटलं, हे यांनी सोडवलंय, साहेब. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पेन्सिलीच्या वाटेकडे न बघता स्वतःच एका गल्लीत बोट घालून निघाले, अडकले, परत फिरले, पुन्हा अडकले. हसले. म्हणाले, कमाल है, किसने बनाया?

समोर बापाची नोकरी टेबलावर पडली होती. आणि मी, खरं सांगतो, कॉलर सरळ केली. म्हटलं, मैंने, साहेब. पूरे बडोदे में ऐसी कोई नहीं निकालता.

आईने मान खाली घातली. अण्णांनी डावा हात उचलला आणि कागदावर त्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. त्यांचं तोंड हलायला लागलं. बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं, आला आता थांब, संपलं सगळं.

"चुकलेली होती," अण्णा म्हणाले. "मी नीट केली."